सफरचंदाहून स्वस्त केळं

ब्रिटनमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात फळांपुढे उभं राहून नुसत्या भावाच्या पाट्या वाचल्या, तरी भूगोल उलटा झाल्यासारखा वाटतो. केंट परगण्यातलं, म्हणजे लंडनपासून तास-दीड तासावर पिकलेलं सफरचंद किलोला दोन पौंडांच्या आसपास. कोस्टा रिकाहून साडेआठ हजार किलोमीटर कापून आलेलं केळं मात्र किलोला पौंडभर, कधी त्याहूनही कमी. लंडनमध्ये वेम्बली किंवा साउथॉलला गेलात, तर एप्रिल-मे महिन्यांत दुकानांबाहेर हापूसच्या पेट्या रचलेल्या दिसतात. डझनभर फळांची पेटी बहुतेकदा पंधरा-वीस पौंडांच्या घरात. आणि मुंबई ते लंडन हे अंतर तर कोस्टा रिकापेक्षा कमीच भरतं.

लांबून येतं म्हणून महाग, हा आपला सरळ हिशेब इथे टिकत नाही. थंड देशात उष्ण प्रदेशातल्या फळाचा भाव ठरतो तो आधी एकाच गोष्टीवर: झाडावरून उतरवल्यावर ते किती दिवस दम धरतं. दम धरणारं फळ बोटीने येतं आणि स्वस्त होतं. न धरणारं विमानात बसतं आणि श्रीमंतांचं होतं. जकात, कीड, सुपरमार्केटांची आपसातली भांडणं हे सगळं त्यानंतरचं.

बोटी पुरेशा वेगवान नव्हत्या, तेव्हाची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या उमरावांनी अननस घरीच पिकवायचा ध्यास घेतला. त्यासाठी काचेची घरं बांधली, भिंतींच्या पोटातून गरम धूर फिरवला आणि कातडी कमावणाऱ्यांकडून ओकच्या सालीचा चुरा गाड्या भरभरून आणला. हा चुरा कुजताना कित्येक आठवडे मंद ऊब देतो. त्यात अननसाच्या कुंड्या पुरायच्या आणि दोन-तीन वर्षं राबायचं, तेव्हा कुठे एक फळ हाती यायचं. त्या एका फळाची किंमत घोडागाडीच्या किमतीशी ताडून पाहिली जात असे. ज्यांना तेवढं परवडत नसे ते मेजवानीपुरता अननस भाड्याने आणत, टेबलाच्या मधोमध मांडत आणि दुसऱ्या दिवशी परत करत. स्कॉटलंडमध्ये डनमोरच्या अर्लच्या बागेत एका इमारतीच्या माथ्यावर चक्क दगडी अननस आहे, तो आजही उभा आहे. पुढे आगबोटी आल्या, अझोर्स बेटांवरून अननस लंडनला येऊ लागले आणि हा सगळा मिजासखोर उद्योग बसला.

असाच प्रयोग विसाव्या शतकात आइसलंडने केला. तिथे जमिनीतून गरम पाणी आपसूक वर येतं. त्या पाण्यावर हरितगृहं तापवून १९४० च्या दशकात केळी लावली गेली. ऊब मिळाली, पण ऊन कुठून आणणार? हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा. घड तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागत. १९६० मध्ये आयात केळ्यांवरची जकात उठली आणि देशी केळ्याचा धंदा संपला. आता कृषी विद्यापीठाच्या हरितगृहात थोडी झाडं शिल्लक आहेत आणि त्यांची केळी बाजारात जात नाहीत. विद्यार्थी, शिक्षक आणि पाहुणे खातात. युरोपात सर्वांत जास्त केळी आइसलंडमध्ये पिकतात ही तिकडची आवडती लोणकढी थाप आहे. ती खरी असती तर स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या शेतकऱ्यांनी काय करायचं?

तर बाहेरूनच आणायचं. आणि बाहेरून आणण्यासाठी केळ्याइतकं सोयीचं फळ दुसरं नाही, कारण त्याला झोपवता येतं.

केळं झाडावरच पिकू दिलं तर साल फाटते आणि चवही नीट उतरत नाही. त्यामुळे घड साधारण पाऊण भरला की कापतात. फण्या सुट्या करून पाण्याच्या टाक्यांत सोडतात, म्हणजे चीक धुऊन जातो. मग खोक्यात भरतात. हे खोकं जवळजवळ जगभर एकाच मापाचं असतं: १८.१४ किलो, म्हणजे ४० रत्तल. खोकी शक्य तितक्या लवकर १३ ते १४ अंश सेल्सियसवर आणायची. इथपासून पुढचा सगळा धंदा या एका अंशाच्या पट्ट्यात चालतो. तापमान त्याच्या खाली गेलं तर सालीतल्या वाहिन्या काळवंडतात, साल राखाडी पडते आणि असं केळं पुढे काहीही केलं तरी स्वच्छ पिवळं होत नाही. वर गेलं तर फळाचा श्वास वाढतो, त्यातून उष्णता आणि एथिलीन वायू सुटतो. एक खोकं पिकायला लागलं की तो वायू शेजारच्या खोक्यांनाही जागं करतो आणि बघता बघता अख्खा कंटेनर हातचा जातो. म्हणून लांबच्या प्रवासात कंटेनरमधली हवाही बदलतात. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. आत तो दोन ते पाच टक्क्यांवर आणला की केळं जेमतेम श्वास घेत पडून राहतं. मध्य अमेरिकेतून ब्रिटनला यायला साधारण दोन आठवडे, इक्वेडोरहून उत्तर युरोपला तीन. एवढ्या काळात त्याचा हिरवा रंगही बदलत नाही.

पोर्ट्समथ किंवा डोव्हर बंदरात उतरलेलं केळं म्हणूनच खाण्याजोगं नसतं. ते जातं रायपनिंग चेंबरमध्ये. तिथे तापमान १६ ते १८ अंशांवर नेऊन दिवसभर एथिलीन सोडतात आणि नंतर चार ते सात दिवसांत हव्या त्या रंगावर आणतात. रंगाचा तक्ता एक ते सात: एक म्हणजे गडद हिरवं, सात म्हणजे पिवळ्यावर तपकिरी ठिपके. दुकानात जातं ते चार-पाचच्या आसपास, देठाशी हिरवट असतानाच. सोमवारी किती केळी लागतील याचा अंदाज आधीच्या आठवड्यात घ्यायचा आणि त्या बेताने चेंबरचं तापमान अर्धा-एक अंश वरखाली करायचं, हे तिथल्या माणसाचं कसब. आपल्याकडे अढी घालून किंवा धुरी देऊन जे होतं तेच हे. धुरातही एथिलीन असतोच. फरक इतकाच, की ब्रिटिश गिऱ्हाइकाला ठिपके आलेलं केळं शिळं वाटतं. आपल्या मते ते तेव्हा कुठे खाण्यालायक झालेलं असतं. या एका समजुतीपायी तिथे किती गोड केळी कचऱ्यात जातात!

ही झोपवण्याची युक्ती साधली तेव्हाच केळं गरिबाचं झालं. १६३३ साली थॉमस जॉन्सन नावाच्या वनौषधीतज्ज्ञाने लंडनमधल्या आपल्या दुकानात बर्म्युडाहून आलेला केळीचा घड टांगला होता, तेव्हा लोक तो नुसता बघायला येत. पुढची अडीचशेहून जास्त वर्षं केळं जवळजवळ नवलाचंच राहिलं. १९०१ मध्ये थंडगार कोठारं असलेली ‘पोर्ट मोरांट’ ही बोट जमैकाची केळी घेऊन ब्रिस्टलजवळच्या एव्हनमथ बंदराला लागली आणि त्याच वर्षी एल्डर्स अँड फाइफ्स ही कंपनी उभी राहिली. हातगाडीवर केळी विकली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या नोव्हेंबरात, सरकारने केळ्यांची आयात बंद केली. बोटी आणि त्यांतली थंड जागा मांसासारख्या गोष्टींसाठी हवी होती. ३० डिसेंबर १९४५ रोजी ‘तिलापा’ बोट पुन्हा केळी घेऊन एव्हनमथला आली, तेव्हा स्वागताला ब्रिस्टलचे महापौर धक्क्यावर हजर होते. पहिली केळी मुलांसाठी राखून ठेवली होती. त्यांतल्या अनेकांनी केळं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

आता पैशाकडे येऊ. इक्वेडोरचं सरकार दर वर्षी केळ्याच्या खोक्याचा किमान भाव जाहीर करतं. २०२३ साठी तो ६.५० डॉलर होता. किलोवर आणला तर तीस पेन्सच्या आतच. शेतमजुरी, खतं, घडावरच्या निळ्या पिशव्या, करपा रोगासाठीच्या फवारण्या हे सगळं शेतकऱ्याने त्यातच भागवायचं. शिवाय मंदीच्या आठवड्यात जाहीर भाव कागदावर राहतो आणि हातात कमी पडतात, ही तिथली जुनी तक्रार आहे. आपल्या कांदा-उसाच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बोटभाडं ऐकून मोठं वाटतं, पण किलोवर वाटलं की विरघळतं. चाळीस फुटी थंड कंटेनरमध्ये १०८० खोकी बसतात, म्हणजे साडेएकोणीस टनांहून जास्त माल. भाडं पाच हजार डॉलर धरलं तरी किलोला पाव डॉलर पडतो. त्यावर जकात: ज्यांच्याशी व्यापार करार नाही अशा देशांच्या केळ्यावर ब्रिटन टनाला ९५ पौंड घेतं, म्हणजे किलोला साडेनऊ पेन्स. मध्य अमेरिकेतल्या करारवाल्या देशांना यात सवलत आहे. गंमत अशी, की ताज्या आंब्यावर ही जकात शून्य आहे. स्वस्त केळ्यावर कर आणि महाग आंबा मोकळा! जकातीवरून भावाचा अंदाज बांधायला निघालेला माणूस इथेच चकतो.

शेवटचा भाव लावतं ते सुपरमार्केट, आणि तिथे खर्चाचा हिशेब मागे पडतो. गिऱ्हाइकाला दुकानातल्या हजारो वस्तूंपैकी मोजक्याच वस्तूंचे भाव पाठ असतात: दूध, पाव, अंडी, केळी. या भावांवरून तो ‘हे दुकान महाग’ किंवा ‘स्वस्त’ असं ठरवतो. म्हणून प्रत्येक साखळी केळ्याचा भाव शेजाऱ्यापेक्षा एक पेनीने खाली ठेवायला धडपडते आणि तूट बिस्किटांवर, शाम्पूवर भरून काढते. २००२ च्या सुमारास सुटी केळी किलोला पौंडाच्या वर होती. मग आस्दा, टेस्को वगैरेंची चढाओढ जुंपली आणि २००९ च्या ऑक्टोबरात भाव ४० पेन्सच्याही खाली आला. तोटा आम्ही आमच्या खिशातून सोसतो, असं दुकानं सांगत. पण भाव एकदा तळाशी गेला की पुढच्या वर्षीचा खरेदी करार त्याच तळावरून बोलला जातो. जर्मनीत तर आल्डी ही साखळी आठवड्याला पुरवठादारांना जो भाव देते, तो ‘आल्डी प्राइस’ म्हणून युरोपभरच्या व्यवहारांचा मापदंड होऊन बसला आहे. या ओढाताणीला उतारा म्हणून फेअरट्रेड आलं: ठरलेला किमान भाव आणि वर खोक्यामागे एक डॉलर गावाच्या कामांसाठी. सेन्सबरीज या साखळीने २००७ मध्ये आपली सगळी केळी फेअरट्रेड केली. शेल्फवरचा भाव त्याने फारसा वाढला नाही, यावरून खोक्याच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा किती लहान आहे ते कळतं.

जर्मनीचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या केळ्याच्या राजकारणाला थोडी जागा द्यायला हवी. १९५७ मध्ये रोमच्या कराराने युरोपची सामायिक बाजारपेठ ठरत होती. फ्रान्सला आपल्या वसाहतींतल्या केळ्यांसाठी बाहेरच्या केळ्यांवर जकात हवी होती. जर्मन चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर अडून बसले आणि जर्मनीसाठी बिनजकातीच्या केळ्यांची वेगळी पुरवणी करारात घालून घेतली. त्यामुळे पश्चिम जर्मनीत लॅटिन अमेरिकेचं केळं स्वस्त, तर बर्लिनच्या भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीत परकीय चलन नसल्यामुळे केळ्यासाठी रांग. १९८९ मध्ये भिंत पडली तेव्हा पलीकडून आलेल्या लोकांनी पश्चिमेतल्या दुकानांतली केळी भराभर उचलली आणि केळं हे त्या दिवसांचं चिन्हच होऊन बसलं. १९९० च्या मार्चमधल्या पूर्व जर्मन निवडणुकीत लोकांनी दिलेल्या कौलाचं कारण विचारल्यावर ओटो शिली या राजकारण्याने दूरचित्रवाणीवर उत्तरादाखल खिशातून केळं काढून दाखवलं होतं. पूर्वेकडच्या लोकांना ते अजून झोंबतं.

१९९३ मध्ये युरोपने सगळ्या सदस्य देशांसाठी केळ्याची एकच व्यवस्था लावली: पूर्वीच्या वसाहतींना, म्हणजे कॅरिबियन आणि आफ्रिकेतल्या देशांना झुकतं माप, लॅटिन अमेरिकेला कोटा आणि जकात. जर्मनी चिडला, लॅटिन अमेरिकेतले देश चिडले आणि जिच्या जमिनीवर निर्यात करण्याइतकं केळं पिकत नाही ती अमेरिकाही चिडली, कारण तिकडच्या मोठ्या केळी कंपन्या अमेरिकन होत्या. जागतिक व्यापार संघटनेत युरोप हरला. १९९९ मध्ये अमेरिकेने युरोपच्या १९.१४ कोटी डॉलरच्या मालावर जबर शुल्क लावलं. हँडबॅगा, चादरी असल्या, केळ्याशी काडीचा संबंध नसलेल्या वस्तू त्यात भरडल्या गेल्या. २००९ च्या डिसेंबरात जिनिव्हाला तडजोड झाली: जकात टनाला १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ वर. कागदोपत्री शेवट व्हायला २०१२ उजाडलं. तोवर सेंट लुशिया, डॉमिनिका या बेटांवरच्या डोंगरउतारांत दोन-चार एकरांवर केळी लावणाऱ्या हजारो शेतकऱ्यांनी केळी सोडून दिली होती. ब्रिटिश गिऱ्हाइकाला स्वस्त केळं मिळालं, त्याची ही दुसरी बाजू पाटीवर लिहिलेली नसते.

आता हापूस. कोकणात जाणकार ‘चौदा आणे’ तयार झालेलं फळ झेल्याने देठासकट उतरवतात. तिथून साध्या हवेत आठ-दहा दिवसांत ते पिकतं. थंड ठेवून ते पुढे ढकलता येतं, पण केळ्यासारखं गाढ झोपवता येत नाही. फार थंडीत साल काळपट होते आणि नंतर पिकलं तरी वास, चव उतरत नाही. शिवाय साका. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या आत गर पांढरट, आंबट निघाला की पेटीमागचा नफा गेला, आणि हे कापेपर्यंत कळत नाही. अशा फळाला तीन-साडेतीन आठवड्यांच्या बोटीवर कोण बसवणार? म्हणून ते बहुधा प्रवासी विमानांच्या पोटातून जातं. भाडं पुठ्ठ्याच्या पेटीसकट किलोवर लागतं; देवगडच्या बागेत फळाला काय मिळालं यापेक्षा ते फळ उडवण्याचा आकडा पावतीवर भारी ठरतो. २०२० च्या वसंतात टाळेबंदीने प्रवासी विमानं जमिनीवर आली, तेव्हा हे अवलंबित्व लख्ख दिसलं. त्या वर्षी लंडनला हापूस दुर्मीळ झाला आणि केळ्याचा भाव जागचा हलला नाही.

विमानात चढण्याआधी आणखी एक खर्च आहे, गरम पाण्याचा. २०१३ मध्ये भारतातून युरोपला गेलेल्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली. १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, युरोपने भारतीय आंब्याला दार बंद केलं. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूलाही. ब्रिटनच्या थंडीत उघड्यावर ही माशी काय टिकणार, असं आपल्याकडे म्हटलं गेलं. पण ब्रिटनला चिंता होती ती काचघरांतल्या टोमॅटो-काकडीची. तिथे बारमाही उन्हाळा असतो. लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी बंदीविरुद्ध आवाज उठवला, भारताने तपासणीची व्यवस्था सुधारली आणि २०१५ च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठवायचा निर्णय झाला. तेव्हापासून वाशीसारख्या ठिकाणी निर्यातीच्या आंब्याला ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून मगच पेटी भरतात. जकात शून्य असूनही हापूसला हा एवढा उंबरठा ओलांडावा लागतो.

हीथ्रोजवळच्या वेस्टर्न इंटरनॅशनल मार्केटातून पेट्या निघतात आणि दुकानदाराच्या हातात उरतात जेमतेम चार-पाच दिवस. म्हणून हापूस सहसा मोठ्या सुपरमार्केटच्या वाटेला जात नाही. एकसारखा रंग, एकसारखं वजन आणि आठवडाभराचं आयुष्य या त्यांच्या अटींत बसणारा आंबा निराळा आहे: जाड सालीचा, लालबुंद ‘टॉमी ॲटकिन्स’. हा आंबा फ्लोरिडातल्या जाणकारांनी सुरुवातीला चवीपायी नापास केला होता. पण तो बोटीने येतो, ब्राझीलहून दोनेक आठवडे बिनतक्रार राहतो, आणि एक पौंडाला एक मिळतो. रेषा दातांत अडकतात त्या अडकतात. हापूस मात्र फोनवर आगाऊ नोंदवून, पेटीने विकला जातो. एप्रिलच्या पहिल्या पेट्या सर्वांत महाग. मेच्या मध्यावर आवक वाढली की भाव उतरतो. मग केसर येतो, आणि जूनअखेर पाकिस्तानी चौसा आला की गुजराती-मराठी गिऱ्हाईकही मुकाट्याने तिकडे वळतं.

आंब्याला बोटीवर बसवायची खटपट चालू आहे. २०२२ च्या जूनमध्ये वाशीहून आंब्याचा कंटेनर सुमारे पंचवीस दिवसांच्या समुद्रप्रवासाने अमेरिकेला धाडला गेला. पण मला जास्त कुतूहल आहे ते केळ्याचं. ब्रिटनच्या शेल्फवरचं कॅव्हेंडिश आणि करमाळ्याजवळच्या कंदरच्या शेतातलं ‘जी-नाइन’ ही एकाच कुळातली. जगात सर्वाधिक केळी भारतात पिकतात. तरी आपलं निर्यातीचं केळं मुख्यतः आखाती देश आणि इराणपर्यंतच जातं, कारण तिथवरचा प्रवास थोड्या दिवसांचा आहे. २०२३ च्या अखेरीस बारामतीहून एक चाचणी कंटेनर समुद्रमार्गे नेदरलँड्सला गेला आणि डिसेंबरात रॉटरडॅमला पोचला. त्याच महिन्यात येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे मोठ्या जहाज कंपन्यांनी लाल समुद्राचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्याने युरोपचा प्रवास आणखी दहा-बारा दिवसांनी लांबला. कोस्टा रिकाच्या केळ्याला अटलांटिक ओलांडून पोर्ट्समथला यायला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितके दिवस आपल्या केळ्याला नुसत्या वळशापायी जास्त झोपून राहावं लागणार होतं.